गाडी नको, गोळ्या द्या

पत्र:
'माझे यजमान मुंबईत पोस्टात होते. मूळ गाव देवगड तालुक्यातलं. गेल्या माघात ते गेले. गावात एक धर्मादाय दवाखाना आहे, वीस रुपयांत तपासतात. यजमानांच्या आईचं शेवटचं औषधपाणी तिथंच झालं. त्यांच्या नावाने तिथे सहा लाख रुपये द्यावेत असं माझ्या मनात आहे. मुलगा म्हणतो, आता सगळ्यांना पाच लाखांचं सरकारी कार्ड आहे, दवाखान्याला पैसे कशाला? धाकटे दीर म्हणतात, रुग्णवाहिका घेऊन द्या, दोन्ही बाजूंना दादाचं नाव येईल. नाहीतर देवळाच्या सभामंडपाला द्या. ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणतात, कॉर्पसला, म्हणजे कायम निधीला द्या, मुद्दल कायम राहील. मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, तिलाही हजार डॉलर घालायचे आहेत. पैसे खरंच गरिबापर्यंत पोचतात का, हे कोणाला विचारू? आणखी एक. यजमानांच्या उरलेल्या गोळ्यांचा मोठा डबा, इन्सुलिनची तीन पेनं आणि एक वॉकर घरात आहे. टाकायला हात होत नाही. तेही दवाखान्याला देऊ का?'
एक वाचक, डोंबिवली

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न तुमच्या मुलाने विचारला आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. त्याच्यावर रागावू नका. त्याचं निम्मं बरोबर आहे.

कार्ड आहे आणि ते चालतं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. पुढे केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आलं. आमच्या शेजारच्या घरातली अँजिओप्लास्टी या कार्डावर झाली, खिशातून गेलं ते फक्त एसटीचं भाडं आणि सोबतच्या माणसाचं जेवण. वीस वर्षांपूर्वी त्याच घराने कलमबाग गहाण टाकली असती.

पण ताई, हे कार्ड चालतं खाटेवर आडवं झाल्यावर. भरती, शस्त्रक्रिया, घरी सोडल्यावरची थोड्या दिवसांची औषधं, इथवर. जो माणूस चालत दवाखान्यात येतो, तपासून घेतो, गोळ्या घेऊन चालत घरी जातो आणि पुढची पंधरा वर्षं हेच करणार असतो, त्याच्या खर्चाला ते कार्ड नाही. आपल्याकडे खरा खर्च तर हाच. बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, फिट्स. सहसा कोणी यांच्यासाठी भरती होत नाही आणि सहसा कोणी यांच्यातून सुटतही नाही.

मी मालवणच्या बाजूला अशाच एका दवाखान्याची बावीस वर्षं खजिनदार होते. डॉक्टर नव्हे, वह्या सांभाळणारी बाई. आमच्याकडे एक मासे विकणाऱ्या मावशी यायच्या. येताना पाटी बाहेर पायरीवर उतरवून ठेवायच्या, वर ओलं फडकं. शुगर कधी तीनशेच्या खाली नाही. डॉक्टर दर वेळी गोळ्यांचा डोस वाढवायचे आणि दर वेळी शुगर तिथल्या तिथे. शेवटी कंपाउंडरने विचारलं, मावशी, गोळ्या रोज घेता ना? त्या म्हणाल्या, 'घेतंय मरे. अर्धी अर्धी करून खातंय, म्हणजे म्हयनोभर पुरतत.' पंधरा दिवसांच्या गोळ्या त्या महिनाभर पुरवत होत्या आणि आम्ही कागदावर डोस वाढवत होतो. दोन वर्षांनी त्यांच्या पायाला जखम झाली, चिघळली, बोटं काढावी लागली. ते ऑपरेशन कार्डावर झालं, फुकट. पाय कापायला कार्ड होतं, पाय वाचवणाऱ्या गोळीला नव्हतं. मुलाला एवढं सांगा. हुशार असेल तर पुढचं त्याला कळेल.

तो आणखी एक म्हणेल: सरकारी आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात की. मिळतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. ज्याला तिथे जाता येतं त्याने तिथेच जावं, मी स्वतः जाते. पण आरोग्य केंद्र असतं तीस हजार माणसांमागे एक, डोंगरी भागात वीस हजारांमागे. आपल्या वाड्या कशा विखुरलेल्या आहेत ते तुम्ही पाहिलंय. एक वाडी खाडीच्या या अंगाला, दुसरी त्या सड्यावर. सकाळी बाह्यरुग्ण विभाग सुरू होतो तेव्हा बंदरावर लिलाव रंगात असतो. लिलाव सोडून ओळीत उभी राहील ती बाई त्या दिवशी खाईल काय? त्यात कधी गोळी आहे पण तिच्या डोसची नाही, कधी डॉक्टर मीटिंगला गेलेले. 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य ज्याला पगारी रजा आहे त्यालाच परवडतं. आमच्यासारखा दवाखाना संध्याकाळी सहा ते आठ उघडा राहतो, त्याची सगळी करामत एवढीच.

आणि कार्डच नसलेलेही आहेत. देवगडच्या बागा मोहरापासून आंबा उतरेपर्यंत राखतात कोण? नेपाळी राखणदार. बायकामुलांसह बागेतल्या खोपटात राहतात. ट्रॉलरवर खलाशी म्हणूनही तेच. त्यांच्याकडे इथलं रेशनकार्ड असणार कुठून? कर्नाटकातून, उत्तरेतून आलेल्या खलाशांची कार्डं असतात, पण गावच्या घरी, बायकोच्या ट्रंकेत. चार दिवस समुद्रात ताप काढून माणूस बंदरावर उतरतो, परवा पुन्हा जायचं असतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, त्याला कुठे आणणार? वीस रुपयेवाल्याकडे. पावसाळ्यात भातशेतीतल्या लेप्टोच्या तापाचंही तेच. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरुवातीलाच पोटात गेल्या तर काही रुपयांत निभावतं, चार दिवस अंगावर काढला तर मूत्रपिंडावर जातं, मग ओरोसचं सरकारी रुग्णालय, मग गोवा किंवा कोल्हापूर. आता दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आहे, त्यामुळे साधा ताप कुठला आणि धावपळीचा कुठला हे वेळेत ओळखणारं कोणीतरी जवळ असणं ही चैन राहिलेली नाही.

जवळ असण्यावरून आठवलं. कोकणातल्या लाल विंचवाने जुन्या काळी किती पोरं नेली ते तुमच्या सासूबाईंनी सांगितलं असेल. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबासाठी आलेली प्राझोसिन नावाची साधी गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि तिने मृत्यू खूप कमी केले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या कंपाउंडरने पेढे वाटले होते. ती गोळी महाग नाही, दुर्मीळही नाही. फक्त रात्री नऊ वाजता, पोराला घाम फुटून हातपाय गार पडायला लागतात तेव्हा, ती पाच मैलांच्या आतल्या कुठल्यातरी कपाटात असावी लागते आणि कपाटाची किल्ली असलेला माणूस जागा असावा लागतो.

तर देणगी लागते ती या कपाटाला आणि या किल्लीवाल्याला.

आता दीर. त्यांना दादाचं नाव गाडीवर हवंय, यात वाईट काही नाही. पण मी एक गाडी पाहिली आहे. गावाचं नाव सांगत नाही. मुंबईच्या एका भल्या माणसाने वडिलांच्या स्मरणार्थ रुग्णवाहिका दिली. नारळ फुटला, आमदार आले, फोटो झाले. ड्रायव्हरचा पगार कोण देणार हे कोणीच विचारलं नव्हतं. पहिले सहा महिने गावातल्या एका पोराने हौसेने चालवली, मग तो गोव्याला नोकरीला गेला. मग विमा संपला, बॅटरी बसली. पुढे ती गाडी फणसाच्या झाडाखाली उभी राहिली, टपावर फणसाचा चीक सुकलेला, आणि बाजूला ठळक अक्षरांत 'कै.' आणि नाव. त्या माणसाचा मुलगा गणपतीला यायचा तेव्हा त्या रस्त्याने जायचं टाळायचा. शिवाय आता १०८ ची गाडी आहे, कितीही कुरकुर केली तरी येते. गाडी देणाऱ्यांची गावात कधीच कमी नसते. डिझेल देणारा शोधून सापडत नाही.

मशीनचंही तेच. आमच्याकडे एकदा ईसीजीचं यंत्र आलं. वर्षभराने पाहिलं तर धूळ खात पडलेलं, कारण त्याचा कागदाचा रोल संपला होता आणि 'रोल' नावाचा खर्च कोणाच्याही स्मरणार्थ नव्हता. शेवटी मी माझ्या पैशातून डझनभर रोल मागवले. फुशारकी म्हणून नाही सांगत, स्वस्तच असतात.

तुमच्या सहा लाखांचं काय होतं ते हिशेबाने बघू. आकडे समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमच्या दवाखान्याचे वेगळे असतील, ते मागून घ्या. समजा ऐंशी जण बीपी-शुगरचे कायमचे आहेत आणि जनऔषधी केंद्रातून जेनेरिक गोळ्या आणल्या तर माणशी महिन्याला दोनशे रुपये पडतात. ते झाले सोळा हजार. कंपाउंडरला बारा हजार. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, त्यांना प्रवास धरून दीड हजार एका खेपेला, म्हणजे आणखी बारा हजार. शुगर तपासायच्या पट्ट्या, ड्रेसिंगचं सामान, लाईटबिल, झाडूवाली, पाच हजार. एकूण पंचेचाळीस. केसपेपरचे वीस रुपये महिन्याला सहाशे माणसांनी दिले तर बारा हजार येतात. उरलेले तेहतीस हजार दर महिन्याला कोणीतरी द्यायचे असतात. वर्षाचे चार लाख. हा खड्डा गाडी देऊन भरत नाही, आणि पेपरात फोटो येईल असाही नाही.

ते वीस रुपये तरी कशाला घेता, असं काही दाते तावातावाने विचारतात. घ्यावेत. ज्याने वीस रुपये दिलेत तो 'गेल्या वेळच्या गोळीने पोट बिघडलं' असं ठणकावून सांगतो. फुकट घेणारा गप्प बसतो आणि गोळ्या खिडकीतून टाकतो. ज्याच्याकडे वीसही नाहीत त्याच्या केसपेपरवर आमचा कंपाउंडर कोपऱ्यात बारीक टिंब काढायचा. ते टिंब म्हणजे 'मागू नको'. बावीस वर्षांत त्या टिंबाचा अर्थ आम्ही कोणाला सांगितला नाही. आता सांगतेय कारण आता चिन्ह बदललंय.

कॉर्पसचं सेक्रेटरी म्हणतात ते ट्रस्टच्या दृष्टीने खरं आहे. कायम निधी असला की वाईट वर्षात दार बंद होत नाही. पण सहा लाख ठेवीत टाकले आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला बेचाळीस हजार, महिन्याला साडेतीन हजार. वरच्या हिशेबात सतरा जणांच्या गोळ्या. वाईट नाही, कायमचं आहे. पण औषधं महागतात आणि मुद्दल तेवढंच राहतं, दहा वर्षांनी त्याच व्याजात सतराचे दहा-अकरा होतील. आणि खरं सांगू? कॉर्पसला एकदा पैसे दिले की दात्याला कोणी विचारत नाही. दर वर्षी देणाऱ्याला विचारावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी दोन लाख बाजूला काढा, तुमच्या नावाने, तुमच्या दुखण्याखुपण्याला. हे पहिलं आणि यावर मी वाद ऐकणार नाही. दान करून स्वतः मुलासमोर हात पसरायला लागणं तुमच्या यजमानांना आवडलं नसतं, ओळख नसताना मी हे खात्रीने सांगते. उरलेले चार लाख तुमच्याच बँकेत मुदत ठेवीत ठेवा आणि दर वर्षी ऐंशी हजार याप्रमाणे पाच वर्षं द्या. महिन्याला साडेसहा हजारांवर जातात, म्हणजे तेहतीस माणसांच्या गोळ्या. पत्रात स्पष्ट लिहा: 'फक्त औषधं आणि कंपाउंडरचा पगार यासाठी'. मराठीत लिहा, साधं लिहा, पोचपावती घ्या. दुसऱ्या वर्षीचे पैसे पहिल्या वर्षीचा हिशेब हातात आल्यावर. सेक्रेटरी जरा नाराज होतील. चांगला सेक्रेटरी असेल तर आठवड्याने त्याला बरं वाटेल, कारण पाच वर्षं पगार देता येणार हे त्याला आज कळलंय. कंपाउंडर टिकतो तो यामुळे. पगार तीन महिने थकला की तोही गोव्याला जातो.

आता 'पोचतात का' याबद्दल. ट्रस्ट सार्वजनिक असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली त्याची नोंद असते. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात ती बघता येते. नोंदणी क्रमांक मागा. विश्वस्त कोण आहेत ते बघा आणि त्यातले किती जण हयात आहेत तेही बघा. हसू नका. विश्वस्त बदलल्याचा फेरफार अर्ज वर्षानुवर्षं न केल्यामुळे कागदावर वारलेली माणसं दवाखाना चालवतायत असे ट्रस्ट मी पाहिले आहेत. लबाडी असतेच असं नाही, बहुतेक वेळा आळस असतो. पण आळशी हातात चार लाख का द्या? मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा. एवढ्या उलाढालीच्या ट्रस्टला ऑडिट बंधनकारक असतं, ते दाखवायला कुरकुर झाली की तिथेच नमस्कार करून उठा.

हिशेबापेक्षाही मी म्हणेन, औषधांचं स्टॉक रजिस्टर बघा. माणूस ऑडिटरसमोर खोटं लिहू शकतो, स्टॉक रजिस्टर रोज खोटं लिहायला फार कष्ट पडतात. पानावर डावीकडे आलेला माल, मधे दिलेला, उजवीकडे शिल्लक. वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं असलं, कुठे आयोडिनचा डाग असला, कुठे 'मुदत संपली, ४० नष्ट' अशी लाजरी नोंद असली की समजा वही खरी. सगळं एका निळ्या पेनाने, एकाच वळणाचं, एकही खाडाखोड नाही, तर ती वही काल रात्री बसून लिहिली आहे.

आणि एकदा संध्याकाळी बाकावर जाऊन बसा. देणगीदार म्हणून नको, पदर डोक्यावर घेऊन पेशंटसारख्या. किती जण येतात, त्यांना किती वाजता आत घेतात, बाहेर येताना हातात काय असतं, चिठ्ठी की गोळ्या. सगळ्यांच्या हातात नुसती चिठ्ठी असेल तर तो दवाखाना गरिबाला मेडिकलच्या दारात सोडतो, एवढंच.

एवढं करून मन बसलं नाही तर दुसरी वाट आहे. सरकारी आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तीही देणगी घेते. तिथेही तोच नियम: वस्तूसाठी नको, चालू खर्चासाठी विचारा आणि लेखी विचारा.

कराचं थोडक्यात. ट्रस्टकडे तशी मंजुरी असेल तर ८०जी ची, म्हणजे करसवलतीची, पावती मिळेल, पण तुम्ही नव्या करपद्धतीत असाल तर तिचा काही उपयोग नाही, ती वजावट तिथे मिळत नाही. जुन्या पद्धतीत अशा ट्रस्टला दिलेल्या रकमेच्या साधारण निम्म्यावर सूट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर तेवढीही नाही. पैसे चेकनेच द्या, सूट मिळो न मिळो. कुटुंब निवृत्तिवेतनावर तुम्हाला कर बहुधा लागत नसेलच, तेव्हा मुलगा 'टॅक्स वाचेल' म्हणाला तर तो स्वतःचा विचार करतोय.

मुलीचं मात्र जपून. ती अमेरिकेची नागरिक आहे, म्हणजे तिचे डॉलर कायद्याने परदेशी देणगी होतात. एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय ट्रस्टला ते घेता येत नाहीत. नोंदणी असली तरी ते दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. गावच्या लहान दवाखान्याकडे ती नोंदणी बहुतेक नसते. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईचा भाचा आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, अमेरिकन झालेली मुलगी नाही. उफराटं वाटतं, पण असं आहे. कोणी सुचवेल की तुमच्या खात्यातून फिरवा. नको. हजार डॉलरसाठी दवाखान्यामागे चौकशी लागली तर तेहतीस जणांच्या गोळ्या अडकतील. गणपतीला येईल तेव्हा तिला त्या बाकावर शेजारी बसवा.

देवळाबद्दल मी फार बोलणार नाही. ग्रामदेवतेवर तुमची श्रद्धा आहे, माझीही आहे. पण आपल्या गावात कळसाला, लादीला, सभामंडपाला वर्गणी कमी पडली असं मी तरी ऐकलेलं नाही. मुंबईकर मंडळ एका सभेत उभं करतं. दिरांचं मन राखायचं तर अकरा हजारांची पावती देवळाची फाडा, त्यांच्या हातून. भांडून दवाखाना मोठा होत नाही, आणि उद्या ट्रस्टला पाण्याची टाकी हवी झाली की हेच दीर मंडळातून पैसे काढतील.

मंडळावरून एक सुचतं. तुम्ही डोंबिवलीत आहात. पूर्वी गिरणगावात गाववाल्यांची खोली असायची. गावचा आजारी माणूस मुंबईला आला की खोलीवर उतरायचा आणि रात्रपाळी करून आलेला कोणीतरी त्याला केईएमच्या रांगेत उभा करायचा. खोल्या गेल्या, आजारी माणूस येतोच आहे. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना आहे, २००६ पासूनची. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना एक लाख ऐंशी हजार, दुर्बल घटकांना तीन लाख साठ हजार. पण देवगडहून पहाटे दादरला उतरलेल्या माणसाला कुठल्या खिडकीवर तहसीलदाराचा दाखला दाखवायचा हे कोण सांगणार? रिसेप्शनवरची मुलगी तर डिपॉझिटचा आकडा सांगून मोकळी होते. समाजसेवकाचं टेबल कुठे असतं हे माहीत असलेली, न घाबरता दोनदा विचारणारी बाई सोबत असली की निम्मं काम होतं. पोस्टातल्या माणसाची बायको आहात, पत्ता शोधायची सवय घरात आहे. दवाखान्याला तुमचा नंबर देऊन ठेवा. महिन्यातून एकदाच जमेल म्हणा, एकदाच जा.

नावाच्या पाटीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दिरांच्या निमित्ताने मनात असणारच. लावा. संगमरवरी नको, आणि बाहेर भिंतीवरही नको. औषधांच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, हातभर पट्टी. कंपाउंडर दार उघडेल तेव्हा दिसेल, म्हणजे संध्याकाळी तीसचाळीस वेळा.

आता तो डबा. ताई, उघड्या किंवा घरात राहिलेल्या गोळ्या दवाखान्याला देऊ नका. हात होत नाही हे मला कळतं, माझ्याही कपाटात असा एक डबा वर्षभर होता. पण त्या कुठल्या उन्हात, कुठल्या दमट खणात राहिल्या हे कोणी सांगू शकत नाही, आणि एकदा रोग्याच्या घरी गेलेलं औषध परत घेऊन दुसऱ्याला देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. मुंबईकरांनी भक्तिभावाने आणलेल्या अशा पिशव्या निवडत बसण्यात आमच्या कंपाउंडरच्या किती दुपारी गेल्या. अर्धं मुदत संपलेलं, उरलेल्यात नावाचा भाग कापलेल्या पट्ट्या. इन्सुलिनचं तर विचारूच नका. न उघडलेलं ते दोन ते आठ डिग्रीत ठेवायला हवं आणि तुमच्या फ्रिजमधून कोकणकन्या एक्स्प्रेसने कणकवली, तिथून एसटीने देवगड, एवढ्या प्रवासात ते किती तापलं हे कोणी सांगू शकणार नाही. पेनांच्या सुया वेगळ्या काढून जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा आणि सगळं जवळच्या मेडिकलवाल्याला किंवा रुग्णालयात विचारून नष्ट करायला द्या. घरी एकट्याने करू नका, मुलाला सोबत घ्या.

वॉकर मात्र आणा. त्याची दवाखान्याला कायम गरज असते, एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. पायांची रबरी बुचं झिजली असतील तर नवी बसवून आणा. आपल्याकडच्या शेणाने सारवलेल्या खळ्यात आणि ओल्या चिऱ्यावर जुनी बुचं घसरतात.